ख्रिस्तातला टिकणारा आनंद : खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाळक (पाद्री) नाही. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवलं आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांचा वर्ग घेतला. वडील लोकोशेडला होते. आई नवापूर तालुक्यातली, मावची बोलणारी. खालचे प्रश्न त्या वर्गात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर आणि एकदा तर पॅसेंजरच्या दारात उभं राहून मला विचारले गेलेत. काही ख्रिस्ती माणसांचे आहेत, बरेचसे नाहीत.

ख्रिस्ती लोकांना प्रश्नोत्तरांची खोड जुनीच. इंग्लंडात १६४७ साली तयार झालेल्या एका प्रश्नोत्तरीचा पहिला प्रश्न असा आहे : माणसाच्या जगण्याचा मुख्य हेतू काय? उत्तर : देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याचा आनंद लुटणं. कडक शिस्तीच्या, काळ्या झग्यातल्या मंडळींनी हे लिहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आनंद, सुख, मजा... सगळं एकच नाही का?

बोलताना आपण सरमिसळ करतो, पण क्रियापदं आपल्याला पकडतात. मजा येते, म्हणजे ती जातेही. सुख मिळतं, म्हणजे ते हिरावलंही जातं. आनंद होतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघताना मजा येते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असताना कूलरसमोर बसलं की सुख मिळतं. दोन्ही चांगल्या गोष्टी, पण यात्रा उठते आणि लाईट जाते.

नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, मुळात ग्रीकमध्ये लिहिला गेला. त्या भाषेत आनंदाला 'खारा' म्हणतात. (वर्गात हा शब्द सांगितला की पोरं हसायची. आपल्याकडे खारे म्हणजे शेंगदाणे.) त्याच धातूतून 'खारिस' म्हणजे कृपा आणि 'युखारिस्तिया' म्हणजे उपकारस्तुती हे शब्द आले. फुकट मिळालेलं देणं, त्याबद्दल मानलेले उपकार आणि आनंद ही एकाच घरातली भावंडं. आपण कमावलं त्याचा अभिमान वाटतो, तो वेगळा. कुणी न मागता भरभरून दिलं की आत जे होतं, त्याला पवित्र शास्त्र आनंद म्हणतं.

हा आनंद येतो तरी कुठून?

लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय उघडा. येशूने सांगितलेली ती गोष्ट मी वर्गात आपल्याकडची करून सांगायचो.

धाकटा पोरगा म्हणतो, बाबा, माझा हिस्सा आत्ताच द्या. बाप धडधाकट असताना वाटणी मागणं म्हणजे बाप मेला असं धरून चालणं. सातबारा फुटतो. पोरगा जमीन फुंकतो आणि सुरतेला जातो. सुरतेत आपले किती लोक आहेत ते खान्देशी माणसाला सांगायला नको. खिशात पैसे आहेत तोवर दोस्त आहेत. मग मंदी येते, काम सुटतं, खोलीचं भाडं थकतं. येशूच्या मूळ गोष्टीत तो डुकरं राखतो आणि त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा खाव्यात असं त्याला वाटू लागतं. ऐकणाऱ्या यहुदी माणसाला याहून खालची पायरी ठाऊक नव्हती.

मग तो परत निघतो. वाटेत एक वाक्य घोकतो : मला मुलगा म्हणू नका, सालदार म्हणून ठेवा. आखाजीला सालदार ठरवतात तसं. पण बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावतो. आता आपल्या गावातला साठीपुढचा, धोतर-टोपीतला पाटील भर रस्त्यात पळतोय, हे डोळ्यापुढे आणा. त्या देशातही वयस्कर माणसाने धावणं हलकं समजत. पोराचं घोकलेलं वाक्य बाप पुरतं बोलूही देत नाही. चांगला झगा आणा, अंगठी घाला, पायात वहाणा घाला, पोसलेलं वासरू कापा. मग जेवणं, वाजंत्री, नाच.

आमच्या आनंदाचा झरा इथे आहे. पोरगा परत येऊन फार सुधारला म्हणून नाचगाणं झालं, असं त्या गोष्टीत कुठेच नाही. बापाला झालेला आनंद आधीचा, पोराचा नंतरचा. आणि हा आनंद बापाला महाग पडला. इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की आपल्यापुढे ठेवलेल्या आनंदासाठी येशूने क्रूस सोसला. आमच्या पापाचा हिशोब तिथे चुकता झाला, म्हणून पंगतीत बसायला आम्हाला जागा आहे.

गोष्टीतला मोठा भाऊ मला जास्त जवळचा वाटतो. शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रागाने बाहेरच थांबतो. मी इतकी वर्षं राबलो, मला कधी करडूही दिलं नाहीत, म्हणतो. घरातच राहून आनंदाला मुकलेला माणूस. मंडळ्यांमध्ये अशी माणसं पुष्कळ असतात. मीही बरीच वर्षं त्या अंगणातच उभा होतो.

ख्रिस्ती झालं की मजा करायला बंदी असते म्हणे?

योहानाच्या शुभवर्तमानात येशूचं पहिलं चिन्ह, म्हणजे चमत्कार, कुठलं आहे, आठवा. आंधळ्याला डोळे नाहीत, मेलेल्याला जीवदान नाही. गालीलातल्या काना गावात लग्न होतं, द्राक्षारस संपला आणि यजमानाची फजिती व्हायची वेळ आली. ऐन पंगतीत वरण संपलं तर मुलीच्या बापाची काय अवस्था होते ती आपण पाहिलेली आहे. तिथे सहा दगडी रांजण होते, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावेल असे. गणिताच्या मास्तराला राहवत नाही, म्हणून हिशोब करून ठेवलाय : आजच्या मापात साडेचारशे ते सातशे लिटर. गरजेपुरतं नव्हे, वाहून जाईल इतकं. आणि चवीला आधीच्यापेक्षा सरस.

यावरून दारू प्यायची परवानगी काढू नका. मोहाच्या भट्टीने आमच्या आईकडची किती घरं उठवली ते मला माहीत आहे. इथल्या बहुतेक मंडळ्या दारूपासून चार हात लांब राहतात, आणि ते शहाणपणाचं आहे.

पण खाण्यापिण्याला, लग्नाला, हसण्याला नाक मुरडणं हे ख्रिस्ती लक्षण नव्हे. लग्न करू नका, अमुक खाऊ नका असं शिकवणाऱ्यांना येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात चांगलंच फटकारलंय. देवाने निर्माण केलेलं सगळं चांगलं आहे, उपकार मानून घ्या, म्हणतो तो. थंडीत यावलकडे शेतात बसून पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि कळण्याची भाकरी. ते खाताना ज्याच्या तोंडून देवाचे आभार निघत नाहीत, त्याच्या धार्मिकतेबद्दल मला शंका आहे.

मग पाप कशात आहे? चवीत की हावेत?

यिर्मया नावाच्या संदेष्ट्याने याचं उत्तर पाण्यावरून दिलंय, आणि ते आपल्याला लवकर कळावं. देव म्हणतो, माझ्या लोकांनी दोन दुष्कृत्यं केली. मी जिवंत पाण्याचा झरा, मला सोडलं. आणि स्वतःसाठी हौद खोदले, फुटके हौद, ज्यात पाणी ठरत नाही.

साक्री-धुळ्याकडे पांझरेवरची जुनी फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे पटकन उमजेल. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटातून चाऱ्या, पाणी वाटायला पाटकरी. शेतकऱ्याचा जीव पाटात असला तरी पाट काही पाणी तयार करत नाही. वर नदी वाहते आहे तोवर पाट आहे. आता दुसरं चित्र बघा. एखादा म्हणतो, मला नदी नको, बंधारा नको, माझं शेततळं मी खोदीन. खोदतो, प्लास्टिकचा कागद अंथरतो, भरतो. कागद फाटतो. फेब्रुवारीत तळाशी चिखल आणि डिझेलचं बिल.

भरीत, क्रिकेट, नवी मोटारसायकल, बायकोचं प्रेम, पोराचा निकाल, हे सगळे पाट आहेत. त्यांतून पाणी येतं, प्यावं, उपकार मानावेत. गडबड होते ती पाटालाच झरा समजल्यावर. मग नवऱ्याला वाटतं बायकोने मला सुखी ठेवायला हवं, आईला वाटतं पोराने माझं आयुष्य सार्थक करावं. एवढं ओझं कोणत्याच माणसाला पेलत नाही. संसार कोरडा पडतो आणि दोष एकमेकांना दिला जातो. माझ्या मते ख्रिस्ती शिकवणीत पाप म्हणजे जास्त आनंद मागणं नव्हे, फार कमीवर भागवणं आहे. गुटख्याच्या पुडीवर, रात्री दोनपर्यंत रील सरकवण्यावर, मोबाईलवरच्या रमीवर.

पैसा असला की आनंद आपोआप येतो, हे तरी मान्य कराल?

पवित्र शास्त्रातल्या उपदेशकाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचा. घरं, बागा, तळी, गाणारे, सोनं, सगळं करून पाहिलेला माणूस शेवटी म्हणतो, वाऱ्यामागे धावणं. गरिबीत मात्र काही गोडवा नसतो. तसं सांगणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात.

केळीची बाग आडवी झाली, कर्ज डोक्यावर, आणि तुम्ही म्हणता आनंद करा?

हा प्रश्न मला माझ्याच मेहुण्याने विचारला. रावेर भागात त्याची बाग होती. घड कापणीला आलेले, आणि जूनच्या सुरुवातीच्या एका संध्याकाळी वीस मिनिटं वारा सुटला. वर्षभराचं पीक जमिनीवर. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तो बांधावर बसला होता. त्या दिवशी मी 'आनंद कर' म्हणालो नाही. म्हणालो असतो तर त्याने मला हाकललं असतं आणि ते बरोबरच ठरलं असतं. आम्ही पंचनाम्यासाठी फोटो काढले, तलाठ्याला फोन लावला, शेजारच्या टपरीवर चहा घेतला.

पुढे काही महिन्यांनी त्यानेच विचारलं, तेव्हा मी त्याला हबक्कूक वाचायला दिला. जुन्या करारातलं तीन अध्यायांचं छोटं पुस्तक. पहिला अध्याय देवाशी भांडण आहे : किती वेळ ओरडू, तू ऐकत का नाहीस? आणि शेवटी अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, 'तरी' मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. नुकसानीची यादी इतकी नेमकी आहे की पंचनामाच वाटावा. हबक्कूक नुकसान लपवत नाही, त्याला आशीर्वादही म्हणत नाही. यादी पूर्ण वाचून झाल्यावर एक 'तरी' उच्चारतो.

मेहुणा म्हणाला, मला तो 'तरी' अजून म्हणता येत नाही. मी म्हटलं, मग पहिला अध्याय म्हण, तोही पवित्र शास्त्रातच आहे.

रडणाऱ्याचा विश्वास कमी असतो का?

पवित्र शास्त्रात स्तोत्रं १५० आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, उजेडाची ओळ शेवटपर्यंत येत नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी येशू रडला, आणि तेही काही क्षणांनी त्याला जिवंत उठवणार हे ठाऊक असताना.

माझी बायको गेली तेव्हा दफनाहून परतताना एका सद्गृहस्थांनी माझा हात धरून सांगितलं, रडू नका, आनंद करा, त्या प्रभूकडे गेल्या. ते जे बोलले ते मी मानतो. तरी त्या क्षणी त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला. त्याच संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या, ख्रिस्ती नव्हेत, काही बोलल्या नाहीत, बिबड्या तळून वरणभाताबरोबर ताटात वाढल्या आणि माझ्यासमोर बसून राहिल्या. पौल रोमकरांस लिहितो, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, रडणाऱ्यांबरोबर रडा. त्या आजींनी ते वाचलेलं नव्हतं.

तीन वर्षं झाली. दुःख गेलेलं नाही. पण दुःखाच्या खाली काहीतरी आहे, विहिरीच्या तळाला झिरपावं तसं, हे मला आता सांगता येतं.

डिप्रेशन आहे. प्रार्थना वाढवली तर बरं वाटेल का?

प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा. गोळ्या चालू असतील तर कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, सांगणारा व्यासपीठावर उभा असला तरी. एलीया हा मोठा संदेष्टा. तो रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई, पुन्हा झोप, पुन्हा जेवण. बोलणं नंतर. जीव नकोसा होत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर आत्ता फोन करा. तो सरकारी, मोफत आहे आणि मराठीतही बोलतात. घरातल्या एका माणसालाही सांगा. आमच्या अहिराणीत 'काय शे मनमा, बोल ना' असं विचारणारं माणूस प्रत्येक गल्लीत असतं.

हे सगळं भोळ्या लोकांसाठी ठीक. शिकलेल्या माणसाने काय करावं?

पास्कलचा नियम शिकलात ना? हायड्रॉलिक जॅकचा. तोच ब्लेझ पास्कल, बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो हे सांगणारा, गणकयंत्र बनवणारा. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, साडेदहाच्या सुमारापासून साडेबारापर्यंत त्याला देवाचा असा अनुभव आला की त्याने तो कागदावर उतरवला आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. त्या वेळी तो ३१ वर्षांचा होता. कागदावर एके ठिकाणी आहे : 'आनंद, आनंद, आनंद, आनंदाश्रू.' कुणाला दाखवला नाही. १६६२ मध्ये तो वारल्यावर नोकराला कोट चाचपताना सापडला. तब्येत त्याची आयुष्यभर खराबच होती, नंतरही सुधारली नाही. वर्गातल्या हुशार पोरांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगायचो.

टिकतो कशावरून? महिनाभराचा उत्साह नसेल कशावरून?

पुष्कळदा तसंच असतं. शिबिरातून आलेली पोरं पंधरा दिवस हवेत असतात, मग बारावीचं वेळापत्रक लागतं.

टिकण्याचं कारण आमच्या मनाच्या ताकदीत शोधू नका, ते फार कच्चं आहे. येशू ज्या रात्री पकडला गेला त्याच रात्री, त्याआधी, तो शिष्यांना म्हणाला, मी तुम्हाला पुन्हा भेटेन, आणि तुमचा आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेणार नाही. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली. सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे. पौल तर स्पष्टच लिहितो, ख्रिस्त उठला नसेल तर आमच्याइतके कीव करण्याजोगे कोणी नाहीत. मला ही वाक्याची धार आवडते, पळवाट ठेवलेली नाही. ज्याच्यावर प्रेम करायचं तो पुन्हा मरणार नसेल, तर त्याच्यामुळे होणाऱ्या आनंदालाही मुदत नाही.

फिलिप्पैमध्ये पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं. मध्यरात्रीच्या सुमारास ते गात होते आणि कैदी ऐकत होते. पुढे काही वर्षांनी पुन्हा तुरुंगातून, त्याच गावच्या मंडळीला पौलाने लिहिलं : प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा. पत्र वाचून दाखवलं जात असताना त्या रात्री ख्रिस्ती झालेला तो जुना तुरुंगाधिकारी कदाचित तिथेच बसलेला असेल. त्याला पुरावा वेगळा द्यावा लागला नसता.

ढोलावर नाचलं तर चालतं का? आमच्या आजीला बंद करायला लावलं होतं.

माझ्याही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खान्देशात आली. शाळा, दवाखाने उभे राहिले. चिंचपाड्याचं इस्पितळ आजही चालू आहे, त्याचं ऋण मोठं आहे. भुताखेतांच्या भीतीतून लोक सुटले, दारू सुटली. पण त्या काळात दारूबरोबर ढोलही गेला. आजीला नाचता येत होतं हे मला तिच्या म्हातारपणी, चुलत बहिणीच्या लग्नात कळलं. अंगणात एकटीच पाय टाकत होती, कुणी बघत नाही असं समजून.

माझं मत विचाराल तर तो अतिरेक होता. कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी) यरुशलेमेत आणताना दावीद राजा सर्व बळाने नाचला. त्याच्या बायकोने, मीखलने, खिडकीतून बघून त्याला मनात तुच्छ मानलं, आणि पवित्र शास्त्र मीखलच्या बाजूने नाही. आज नाताळात ढोल वाजत असेल तर मला त्यात वावगं दिसत नाही. काही वडीलधाऱ्यांना ढोलाबरोबर जुन्या गोष्टी आठवतात, त्यांचाही मान राखावा.

वारीतला आनंद आणि तुमचा आनंद, फरक काय?

मुक्ताईनगरला जाणाऱ्या दिंड्या घरासमोरून जातात, त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला खोटं म्हणणारा मी कोण? कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आमच्या उपासनेत टाळ-मृदंगावर भजनं चालतात ती बरीचशी त्यांच्यामुळे.

फरक मला असा दिसतो. इथे भक्त देवाला शोधत निघण्याआधी देवच हरवलेल्याला शोधत आलाय, विशिष्ट काळात, विशिष्ट गावात, माणूस होऊन. बाप रस्त्यावर धावला, ती गोष्ट आठवा. बाकी चर्चा दिंडीतल्या मित्रांबरोबर चहावर करावी, कागदावर ती रुक्ष होते.

विश्वास ठेवला तर नोकरी लागेल? पैसे मिळतात का?

नाही. दोन्हीला नाही. असं वचन देणारा भेटला तर त्याचा नंबरही ठेवू नका.

रोज नेमकं करायचं काय?

आनंदावर थेट झडप घातली की तो सटकतो, झोपेसारखा. झोप येण्यासाठी आपण लाईट बंद करतो, अंथरूण घालतो, तेवढंच आपल्या हाती. तसं काही सांगतो. सकाळी फोन हातात घेण्याआधी एक स्तोत्र मोठ्याने वाचा, मनात नव्हे. गाणं म्हणा, आवाज माझ्यासारखा असला तरी. रात्री उपकारस्तुती करताना मोघम 'सगळ्यासाठी धन्यवाद' नको : आज पाणी वेळेवर आलं, आईची शुगर उतरली, असं नाव घेऊन.

आणि भावकीतलं भांडण मिटवा. बांधावरून मी चुलतभावाशी नऊ वर्षं बोललो नव्हतो. त्या नऊ वर्षांत माझी सगळी स्तोत्रं कोरडी होती आणि मी कारण दुसरीकडेच शोधत होतो. शेवटी त्याच्या दारात गेलो तेव्हा बोलायला काही सुचेना. तो म्हणाला, उन्हात काय उभा राहिलास, आत ये. दीड हात जमीन अजून त्याच्याकडेच आहे.

देऊन बघा. हंगामाच्या उपासनेला लोक पहिलं पीक आणतात : ज्वारी, केळीचा घड, कोंबडी, भोपळा, आणि मग लिलाव होतो. आमच्याकडे एका वर्षी एकच अंडं सात वेळा विकलं गेलं. घेणारा पैसे भरायचा आणि अंडं पुन्हा टेबलावर ठेवायचा. शेवटची बोली रिक्षा चालवणाऱ्या एका भाऊची होती. एवढं हसू मी नाट्यगृहातही ऐकलेलं नाही. मासेदोनियातल्या मंडळ्यांबद्दल पौलाने लिहिलंय की त्यांची कमालीची गरिबी आणि विपुल आनंद यांतून औदार्य उतू गेलं. तो परिच्छेद मला त्या अंड्यानंतर कळला.

उपासनेत कंटाळा येतो.

मलाही कधीकधी येतो. पंख्याखालची जागा धरा आणि शेवटपर्यंत बसा.

वाचायला सुरुवात कुठून करू? मराठी जड वाटते.

फिलिप्पैकरांस पत्र. चार अध्याय, १०४ वचनं, पंधरा-वीस मिनिटांत होतं. आनंद हा शब्द डझनाहून जास्त वेळा येतो, मोजत वाचा, मास्तरांचा गृहपाठ समजा. मग लूक १५, मग योहान २. मराठी नवा करार १८११ साली श्रीरामपूरला छापला गेला (आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं), तेव्हापासून भाषा बरीच सुधारली, तरी पुस्तकी वाटते हे खरं. म्हणून अहिराणीत घ्या, नवा करार अहिराणीत आहे. मावचीतही आहे. आईला शेवटच्या आजारात मी मावचीतून वाचून दाखवायचो. माझे उच्चार चुकायचे. ती डोळे मिटून ऐकत असायची आणि मध्येच हसून शब्द दुरुस्त करायची.